पेल्यातलं आंबट

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका बंदराच्या गावात, चर्चच्या उतारावर लुर्दिसबाईंची खाणावळ होती. खाली टेबलं मांडलेली जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर राहायच्या खोल्या. त्यातल्या सगळ्यात लहान खोलीत मला आणून टाकलं होतं. बोटीवर पोटात दुखायला लागलं, बंदरातल्या इस्पितळात अपेंडिक्स कापलं, आणि बोट काही माझ्यासाठी थांबली नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, पुढची बोट येईपर्यंत इथे पडून राहा. मी तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, बोटीवरच्या भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, हाताखाली कांदे सोलणारा. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. इंग्रजी म्हणाल तर 'येस सर' आणि 'नो सर', आणि त्यातलं कुठलं कुठे म्हणायचं तेही अंदाजानेच.

हे मी आता आयर्लंडमध्येच, टॅला नावाच्या उपनगरात, मुलीच्या घरी बसून लिहितोय. मुलगी इथल्या मोठ्या इस्पितळात नर्स आहे. ती म्हणते, "बाबा, द्या इकडे, मी शुद्धलेखन तपासते." मी सांगितलं, हात लावायचा नाही. चुकलं तर माझं चुकेल. तिची मुलगी मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देते आणि माझ्या अक्षराला हसते. हसू दे. ह्या हाताने आयुष्यभर मासे साफ केलेत, अक्षरं नव्हेत.

पहिले काही दिवस मी वर पडून नुसते आवाज ऐकायचो. सकाळी चुलीचं लोखंडी झाकण ठण्णकन वाजायचं, मग कोळसा घरंगळायचा, मग डेनिसचा खोकला. डेनिस म्हणजे बाईंचा नवरा. आयरिश, जुना खलाशी, उंच आणि पाठीत वाकलेला. लिस्बनच्या बंदरात ह्याने लग्न केलं आणि बायको घेऊन गावी परतला. बोलायचा मोजकं, त्यातलंही निम्मं हवेबद्दल. बाई मात्र भांड्यांशी, मांजराशी, उकळत्या पाण्याशी, सगळ्यांशी बोलायच्या, तेही पोर्तुगीजमध्ये. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण मधूनच एखादा शब्द ओळखीचा कानावर पडायचा. चालायला लागलो तसा खाली जाऊन बसायचो. त्यांनी 'साबांव' म्हटलं की मी साबण पुढे करायचो, 'गामेला' म्हटलं की घमेलं. बाई बघतच राहिल्या. पुढे आमचं बोलणं मोडकं इंग्रजी, असे ओळखीचे शब्द आणि हातवारे ह्यांवर चालायचं.

"तू हे कुठे शिकलास रे?"

"तुमचीच माणसं ठेवून गेलीत. आमच्या शेजारी गोव्यात."

"आणखी काय ठेवलं?"

"पाव," मी म्हटलं. "आणि बटाटा."

त्या इतक्या हसल्या की एप्रनने डोळे पुसले. तेव्हापासून माझं खाली येणं हे बसण्यासाठी न राहता कामासाठी झालं. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

जिन्याखाली एक अंधारी, गार जागा होती. तिथे वाइनचं पिंप. बाईंचं माहेर लिस्बनच्या वरच्या अंगाला, टेकड्यांत, द्राक्षाच्या मळ्यांत. द्राक्षाचं नाव आरिंतो. त्याची पांढरी वाइन त्यांचा भाऊ दर वर्षी ओळखीच्या बोटीतून पाठवायचा. पांढरी म्हणतात, पण रंग पाण्याला हिरवी झाक आल्यासारखा. बाई सांगायच्या, "दुसरी द्राक्षं ऊन लागलं की लाडावतात, नुसती गोड होतात. आरिंतो तापला तरी आपला आंबटपणा सोडत नाही. हट्टी आहे." हे ऐकून मला ते द्राक्ष चव न घेताच आवडलं. लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंनी त्याची एक काडी रुमालात गुंडाळून आणली होती. स्वयंपाकघराच्या मागे काचेचा आडोसा करून त्यात तो वेल वाढवला होता. वेल छान पसरला, पण त्या देशात ऊन कुठलं? घोस धरायचे आणि उन्हाळाभर हिरवे, टणक राहायचे, आमच्याकडच्या आवळ्यासारखे.

गावातली माणसं जेवणाबरोबर दूध प्यायची, नाहीतर काळी बिअर. वाइन म्हणजे चर्चमधली, पाद्र्याच्या हातातली. अशा गावात बाईंनी रविवारचं दुपारचं जेवण सुरू केलं होतं: एक पदार्थ आणि त्याच्याबरोबर आरिंतोचा एक पेला. कालवं, म्हणजे ऑयस्टर, बर्फावर ठेवून नुसती. काळे शिंपले कांदा-लसणीत उघडलेले. खारवलेला कॉड भिजवून, बटाट्याबरोबर. सायीचं घट्ट माशांचं सूप. बकरीचं चीज. त्यांचा हिशेब सोपा होता. जिथे मीठ जास्त, जिथे तेल किंवा साय जास्त, तिथे हा पेला तोंड धुऊन काढतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. गोमांसाच्या रश्श्याबरोबर नाही, पुडिंगबरोबर तर नाहीच. "तिथे बिचारा ओशाळतो," त्या म्हणायच्या.

मी ऐकून घ्यायचो. पेला मात्र हातात घ्यायचो नाही. घरातून निघताना आईने ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घातलं होतं. गुरव म्हणत होता आणि मागे उभी असलेली माणसं 'होय महाराजा' करत होती. त्या गाऱ्हाण्यात बाकी सुखरूपपणा वगैरे होताच, पण मुख्य म्हणजे ह्याच्या तोंडाला दारू लागू नये. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "दारयेक तोंड लावलंस तर माका आवस म्हणा नको." आवस म्हणजे आई. मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला देवाची भीती होती त्याहून जास्त माज माझ्या शब्दाचा होता. बोटीवर सगळे प्यायचे, मला चिडवायचे, माझ्या चहात रम ओतायचे. मी चहा ओतून द्यायचो आणि नवा करून घ्यायचो.

बाईंना काय झालंय ते मला दुधावरून कळलं. एकदा सकाळी मी मागच्या अंगणात मासे साफ करत होतो. करपल्याचा वास इतका आला की मी सुरी टाकून आत धावलो. दूध उतू जाऊन चुलीजवळच्या गॅसच्या शेगडीवर काळं झालेलं, आणि बाई तिच्याशेजारीच पाठमोऱ्या उभ्या, कांदा चिरतायत, गुणगुणतायत. मी शेगडी बंद केली. बाईंनी भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"तुला कुठून आला वास?"

"बाहेरपर्यंत."

त्या स्टुलावर बसल्या. हिवाळ्याआधी एक ताप आला होता, म्हणाल्या. ताप गेला आणि वास घेऊन गेला. कॉफीचा नाही, माशाचा नाही, डेनिसच्या पाइपचाही नाही. लसूण करपली की कच्ची राहिली, समजत नाही. "डेनिसला सांगायचं नाही. मळ्यातल्या बाईला नाक नाही म्हटल्यावर राहिलं काय?"

तेव्हा मला उमगलं की रविवारी टेबलं रिकामी का राहतात. मी लहानपणापासून चुलीच्या धुरात वाढलेला, मला तो लसणीचा कडवटपणा केव्हाच लागला होता, पण ही त्यांच्या देशाची पद्धत असेल असं समजून गप्प बसलो होतो.

"तू माझ्यासाठी चाख," बाई म्हणाल्या. "पदार्थही आणि वाइनही. दोन्ही एकत्र लागतं कसं ते मला सांगत जा."

पदार्थ चाखीन, मी म्हटलं. वाइन नाही.

"एक घोट. गिळू नको, थुंक."

"तोंडाला लावायची नाही म्हणजे नाही."

बाईंनी नाना तऱ्हेने समजावलं. मी मान हलवली नाही. आता इथे रविवारी आमच्या मराठी मंडळींचं जेवण असतं, सँडीफोर्डची आयटीतली मुलं येतात, कुणी मलिंगारहून डॉक्टर येतात. बाटल्या उघडतात, चिकनबरोबर कुठली, पापलेटबरोबर कुठली, मला विचारतात, मी सांगतो. मग एखादा म्हणतोच, "काका, तुम्ही थोडी तरी घ्या ना, काय होतंय!" मी म्हणतो, काय होतंय ते न घेता इतकी वर्षं गेली, आता शेवटी कशाला बघू.

बाईंनी मला चाखायला सांगितलं त्याच सुमारास डेनिसने जेवताना विषय काढला. उन्हाळा संपला की खाली फिश अँड चिप्सवाल्याला जागा द्यायची. तो खोलीही सांभाळेल, तळणही बघेल. बाईंनी फक्त विचारलं, "का?" डेनिसने बटाटा कुस्करत सांगितलं, "ह्याचं काही चालत नाही आता." बाई उठून ताटं धुवायला गेल्या. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. त्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते त्या खोलीत होतं, हे मला परक्याला कळत होतं आणि नवऱ्याला कळू नये, ह्याचा मला राग आला. मी बाईंना म्हटलं, येत्या रविवारचा स्वयंपाक माझा.

धक्क्यावर मॅकरेलच्या पेट्याच्या पेट्या यायच्या आणि गावातला कुणी त्याला हात लावायचा नाही. गळाला लावायचा मासा, म्हणायचे, माणसाने खायचा नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओरडलोच. बांगडा! आमच्यापेक्षा लांबट, पाठीवर काळे पट्टे, पण बांगडाच. तेलाने भरलेला, चांदीसारखा. मी पेटी उचलून आणली. हळद आणि मिरची बंदरातल्या एका बोटीवरच्या रत्नागिरीच्या खलाशाकडून मिळवली. कोकम कुठून आणू? आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक मासळीचं आंबट ठरलेलं असतं. कोळंबीला कैरी, तारलीला बिंबलं, बांगड्याला कोकम आणि तिरफळं. आंबटाशिवाय बांगडा म्हणजे अर्धवट नेसलेलं लुगडं. मी काचेच्या आडोशात गेलो, आरिंतोचे हिरवे घोस तोडले, वाटले, आणि तो रस सढळ हाताने घालून तिखलं, म्हणजे आमचा तिखट-आंबट दाट रस्सा, केलं. काय झालं होतं म्हणून सांगू! भाकरीच्या जागी बाईंचा मक्याचा पाव. मला वाटलं, त्याच द्राक्षाचं आंबट भांड्यात आणि त्याच द्राक्षाची वाइन पेल्यात, ह्याहून जुळणारी जोडी कुठली?

लोकांनी तिखलं खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं, मिस नोरा नावाच्या जुन्या शाळामास्तरीणबाईंनी तर दुसऱ्यांदा मागितलं. पण पेले तसेच राहिले. एक घोट घेऊन खाली ठेवलेले. डेनिसने एक उचलून तोंडाला लावला आणि म्हणाला, "ह्यात पाणी घातलंय का कुणी?" बाईंनी घोट घेतला. तिखलं खाल्लं, पुन्हा घोट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गेलो. कुंपणाला तांबडी, घंटेसारखी लोंबणारी फुलं होती, त्या किनाऱ्यावर सगळीकडे असतात. गावी काही अडलं की देवाला कौल लावतात. पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी भिंतीतला एक दगड धुतला, दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि विचारलं, एका बाईची खोली वाचणार असेल तर एक घोट चालेल का? मग बसलो वाट बघत. आमच्याकडे कौल असा उन्हाने, वाऱ्याने सुकून पडतो. इथे हवेतच पाणी. धुकं येत राहिलं, पाकळ्या आणखी भिजत राहिल्या आणि दगडाला जास्तच घट्ट बसल्या. ना उजवी, ना डावी. मला थंडी वाजायला लागली.

"काय करतोयस?" बाई मागे येऊन उभ्या होत्या.

मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या गावी म्हणे नवस ऐकला नाही तर संताची मूर्ती विहिरीत उलटी टांगतात. "पण दिलेला शब्द मोडायचा नाही, तो तर मुळीच नाही. तू काय समजलास, मी तुला आईचा शब्द मोडायला लावीन?"

"मग तुम्हीच तर म्हणत होतात, थुंक."

"तेव्हा घाबरले होते." त्या माझ्या शेजारी दगडावर टेकल्या. "ऐक. मला वास येत नाही, पण जीभ मेलेली नाही. मीठ कळतं, गोड कळतं. आंबट तर चांगलंच कळतं. काल तुझं तिखलं इतकं आंबट होतं की त्याच्यामागून वाइन आली ती निघूनच गेली. पेल्यातलं आंबट भांड्यातल्या आंबटापेक्षा वरचढ पाहिजे. नाहीतर ते पाणी होतं."

मी वाद घातला. आंबटाशिवाय बांगडा होत नाही. माझी आई, आजी, सगळा किनारा काय मूर्ख आहे? बाई शांतपणे म्हणाल्या, "मूर्ख नाही. तुमच्या किनाऱ्यावर पेला नाही, म्हणून आंबट भांड्यात ठेवता. इथे पेला आहे. त्याच्यासाठी जागा सोड."

जागा सोड. हे दोन शब्द पचवायला मला तो आठवडा लागला. बांगड्याला आंबट न लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायचं नाही. हात आपोआप लिंबाकडे जायचा आणि मी तो मागे घ्यायचो. आम्ही दोघं दुपारी स्वयंपाकघरात बसायचो. बाई पेला आधी माझ्या नाकाखाली धरायच्या आणि मी सांगायचो: लिंबाची साल, गर नव्हे. कच्चं सफरचंद. पाऊस पडल्यावर जांभ्या दगडाला जसा वास येतो तसं काहीतरी. मग त्या घोट घ्यायच्या आणि सांगायच्या: जिभेच्या कडांना धरतंय, अजून धरतंय, आता सुटलं. मग दोघं मासा खायचो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांची जीभ, माझं नाक. एका धड माणसाचं काम दोन अर्धवट माणसं करत होतो, आणि भांडत करत होतो. "खोटं बोलतोयस, सफरचंद नसणार ह्यात!" "तुम्हाला कुठे कळतंय?" असं चालायचं.

रविवारी मी बांगडे उभे चिरून पसरले. मीठ, हळद, थोडी मिरची. रवा नव्हता, तर तिथल्या रिवाजाप्रमाणे ओटच्या भरडीत घोळवले आणि लोखंडी तव्यावर डुकराच्या चरबीत कुरकुरीत तळले. वर काही नाही. लिंबाची फोडसुद्धा नाही. पाहुण्यांपुढे ताट ठेवताना मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मी दाराच्या फटीतून बघत राहिलो. मिस नोरांनी घास घेतला, पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा घास घेतला, पुन्हा पेला. दुसऱ्या टेबलावर कुणीतरी पेला रिकामा करून हवेत धरला. डेनिस कोपऱ्यात बसला होता. तो सहसा रविवारी खोलीत जेवायचा नाही. त्याने बांगडा काट्यापर्यंत साफ केला.

"लुर्दिस," मिस नोरा मोठ्याने म्हणाल्या, "सबंध हिवाळ्यात असं जेवले नव्हते. कुठे होतीस बाई तू?"

बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, हातात रिकामी ताटं. मी बघितलं, त्यांनी ती जवळच्या टेबलावर ठेवली, एप्रनला हात पुसले आणि सगळ्यांसमोर डेनिसला म्हणाल्या, "मला वास येत नाही. तापानंतर गेला. आजचं माझं नव्हे, ह्या पोराचं आहे."

डेनिसने काटा खाली ठेवला. "माहितीय."

"काय माहितीय?"

"वास येत नाही ते. नाताळला पुडिंग जाळलंस आणि माझ्यापुढे ठेवून म्हणालीस, बघ कसा सुंदर वास सुटलाय."

बाईंचे कान लाल झाले. "तेव्हापासून? आणि सगळा हिवाळा ते असलं खात बसलास, एक शब्द न बोलता?"

"खाल्लं ना?" डेनिस म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"आणि माझी खोली त्या चिप्सवाल्याला?"

डेनिसने टेबलक्लॉथ सरळ केला आणि म्हणाला, "जेवण बिघडलं म्हणून नव्हे गं. गॅस. मी धक्क्यावर असतो, तू इथे एकटी त्या शेगडीशी. एक दिवस तो गळेल आणि तुला कळायचं नाही. मला दुसरं काही सुचलं नाही." इतकं लांबलचक बोललेला मी त्याला त्याआधी ऐकला नव्हता.

बाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. चांगल्या संतापल्या होत्या. त्यांनी मिस नोरांच्या टेबलावरचा भरलेला पेला उचलला, तरातरा दाराशी आल्या, मला दंडाला धरून खोलीत ओढलं आणि सगळ्या माणसांसमोर तो पेला माझ्या नाकाखाली धरला.

"सांग."

मला एकही इंग्रजी शब्द आठवेना. मी मालवणीत सांगितलं, साल म्हणून सांगितलं, जांभा म्हणून सांगितलं, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळे ऐकत होते. बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्यांचा भाग त्यांनी पोर्तुगीजमध्ये सांगितला.

डेनिस खुर्ची मागे सारून उठला. आमच्या दोघांमधून स्वयंपाकघरात गेला. परसदाराच्या खुंटीला माझा बोटीचा जाड कोट आल्या दिवसापासून टांगलेला होता, पुढच्या बोटीसाठी. तो त्याने काढला, खांद्यावर टाकला आणि जिना चढून वर गेला. माझ्या खोलीत भिंतीतलं एक कपाट होतं, तिकडे त्याला प्रेस म्हणतात. मी ते कधी वापरलं नव्हतं; जाणाऱ्याला कपाट कशाला? ते उघडल्याचा आणि मग नीट लावून घेतल्याचा आवाज खाली आम्ही सगळ्यांनी ऐकला.